रकाना १० मधली अक्षरं: फ्लाइट प्लॅनमध्ये विमानाची उपकरणं कशी लिहायची

प्रश्न थोडक्यात असा. कराडच्या धावपट्टीवर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने कोल्हापूरच्या सोलो क्रॉस-कंट्रीसाठी (एकट्याने दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणासाठी) फ्लाइट प्लॅन भरला. विमान जुनं सेस्ना १७२. रकाना १० मध्ये काय लिहायचं हे नीट ठाऊक नव्हतं, म्हणून फाइलमधल्या एका जुन्या प्लॅनवरून ‘एस-डी-एफ-जी-आर / सी’ ही ओळ उतरवून घेतली. ब्रीफिंगमधून, म्हणजे प्लॅन स्वीकारणाऱ्या कार्यालयातून, फोन आला, ‘आर लिहिलंय, मग पीबीएन कुठंय?’ त्याने आर खोडला आणि प्लॅन स्वीकारला गेला. आता तो विचारतोय की ही अक्षरं नेमकी सांगतात काय, आणि आर खोडून काम बरोबर झालं का.

आर खोडलात ते ठीकच केलंत, पण ओळ बरोबर झाली असं समजू नका. ब्रीफिंगच्या प्रणालीला फक्त एवढंच दिसतं की एका रकान्यातलं अक्षर दुसऱ्या रकान्याशी जुळतंय की नाही. आर असेल तर रकाना १८ मध्ये, म्हणजे इतर माहितीच्या रकान्यात, पीबीएन (परफॉर्मन्स बेस्ड नॅव्हिगेशनचा तपशील) हवं, ते नव्हतं, म्हणून अडलं. विमानात डीएमई (जमिनीवरच्या केंद्रापासूनचं अंतर मोजणारं यंत्र) आहे का, एडीएफ (रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारं यंत्र) चालू आहे का, हे त्या प्रणालीला कुठून कळणार? ते तुम्हालाच माहीत. एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक हातात पडले म्हणजेही रकाना १० कुणी तपासला असं होत नाही.

(इथे मी अक्षरं देवनागरीत, मध्ये छोटी रेघ देऊन लिहितोय ती वाचायला सोपी जावीत म्हणून. फॉर्मवर ती रोमन मोठ्या अक्षरांत, रेघ किंवा जागा न सोडता सलग लिहायची.)

आधी या रकान्याचा पाया समजून घ्या, कारण निम्म्या चुका तो न समजल्यामुळे होतात. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, नियमात अक्षर लिहिण्यासाठी तीन अटी एकत्र दिल्या आहेत. एक, उपकरण विमानात बसवलेलं आहे आणि आज चालू आहे. दोन, ते वापरण्याइतकी पात्रता उडवणाऱ्याकडे आहे. तीन, जिथे प्राधिकरणाची मंजुरी लागते तिथे ती हातात आहे. तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी अक्षर लिहायचं नाही. म्हणजे रकाना १० ही विमानातल्या सामानाची यादी नव्हे. हे विमान आणि हा पायलट मिळून आज काय करू शकतात, याचा तो नियंत्रकाला दिलेला शब्द आहे. विमान तेच, पण काल एडीएफ चालत होता आणि आज बंद आहे, तर कालची ओळ आज खोटी ठरते. म्हणूनच जुन्या प्लॅनवरून उतरवून घेणं ही या रकान्यातली सगळ्यात महागडी सवय आहे.

रकान्याचे दोन भाग. तिरक्या रेघेच्या आधी दळणवळण, दिशादर्शन आणि उतरण्याची साधनं. रेघेनंतर सर्व्हेलन्स, म्हणजे रडारला किंवा एडीएस-बी (विमान स्वतःहून आपली जागा प्रसारित करतं ती पद्धत) केंद्राला तुम्ही कसे दिसणार. एकच अक्षर दोन्ही बाजूंना येतं आणि अर्थ पूर्ण बदलतो. रेघेआधीचा सी म्हणजे लोरान-सी ही जुनी रेडिओ दिशादर्शन पद्धत, रेघेनंतरचा सी म्हणजे उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं विमानातलं यंत्र). आधीचा एच म्हणजे लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ, नंतरचा एच म्हणजे मोड एसचा (विमानाची ओळखही पाठवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरचा) एक प्रकार. आधीचा एस म्हणजे प्रमाण संच, नंतरचा एस म्हणजे मोड एस ट्रान्सपॉन्डर. ‘मोड सी आहे’ म्हणून पहिल्या भागात सी लिहिलेले प्लॅन अजून येतात. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते वाचणाऱ्याला कळतं, पण संगणकाला कळत नाही.

आता तुमच्याच विमानाकडे येऊ. तुम्ही सांगितलंय ते असं: बेंडिक्स-किंगचे दोन केएक्स १५५ रेडिओ, पहिल्याला केआय २०९ इंडिकेटर, दुसऱ्याला केआय २०८. केआर ८७ एडीएफ, त्यावर ‘इनॉप’चा स्टिकर. केटी ७६ए ट्रान्सपॉन्डर, एन्कोडरसकट. डीएमई नाही. योकवर क्लॅम्पने बसवलेला टॅबलेट, त्यात जीपीएस. बस, एवढ्यावरून ओळ बसवता येते.

एस. हे अक्षर म्हणजे व्हीएचएफ रेडिओ, व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्रावरून दिशा दाखवणारं साधन) आणि आयएलएस (धावपट्टीवर उतरायला रेडिओने मार्ग दाखवणारी यंत्रणा), तिन्ही मिळून. १५ नोव्हेंबर २०१२ पूर्वी एसमध्ये एडीएफही धरला जात असे. त्या तारखेपासून नवा फॉर्म लागू झाला, एडीएफ एसमधून बाहेर पडला आणि त्याला स्वतंत्र एफ लिहावा लागू लागला. जुन्या पुस्तकांतून आणि जुन्या नोट्सच्या झेरॉक्सवरून शिकलेल्यांच्या डोक्यात अजून जुना एस बसलेला असतो, हे लक्षात असू द्या.

आता पॅनेल जवळून बघा. केआय २०९ वर उभी आणि आडवी अशा दोन सुया दिसतील. उभी लोकलायझरची (आयएलएसमधली धावपट्टीची मधली रेषा) किंवा व्हीओआरची, आडवी ग्लाइडस्लोपची (उतरण्याचा उतार). केआय २०८ वर आडवी सुई नसतेच, तो फक्त व्हीओआर आणि लोकलायझर दाखवतो. तुमच्या विमानात पहिल्या रेडिओला केआय २०९ आहे, म्हणून आयएलएस पूर्ण आहे, पण त्याच्यामागच्या केएक्स १५५ मध्ये ग्लाइडस्लोपचा रिसीव्हर आहे का हे टेक लॉगमधल्या (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीतल्या) उपकरणांच्या यादीत किंवा इंजिनिअरकडे एकदा खात्रीने बघून घ्या, कारण केएक्स १५५ त्याच्याशिवायही मिळत असे. दोन्ही बाजूंना फक्त केआय २०८ असते, तर एस लिहिता आला नसता. मग व्ही आणि ओ असं सुटं लिहायचं, आणि आयएलएसचा एल गाळायचा. तीनपैकी एक जरी बंद असेल तरी एस मोडतो आणि उरलेली दोन सुटी लिहावी लागतात. उलट एस लिहिल्यावर पुन्हा व्ही, ओ, एल लिहायची गरज नाही.

इथे एक रास्त शंका येते. विद्यार्थ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) नाही, मग दुसऱ्या अटीप्रमाणे एस कसा? व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघून उडण्याच्या नियमांखालच्या) प्लॅनमध्ये विमानात तिन्ही चालू असतील तर एस लिहिण्याची रूढी आहे, आणि माझ्या मते ती योग्यही आहे. रेडिओवर बोलायला आणि व्हीओआरचा रेडियल धरायला तुम्हाला शिकवलेलं असतं, आणि प्लॅनवर व्हीएफआरचा व्ही असल्याने कुणी तुम्हाला आयएलएस अप्रोच देणार नाही. पण जी अक्षरं खास प्रशिक्षण आणि मंजुरी मागतात, आर, बी, डब्ल्यू, ती या सवलतीत येत नाहीत.

डी. डीएमई नाही, विषय संपला. तरी हे अक्षर का शिरतं ते सांगतो. टॅबलेटवर किंवा जी१००० या डिजिटल पॅनेलच्या पडद्यावर व्हीओआरचं अंतर सागरी मैलांत दिसतं आणि वाटतं की डीएमई आहे. ते अंतर जीपीएसने मोजलेलं असतं, जमिनीवरच्या डीएमईला प्रश्न विचारून आलेलं नसतं. नियंत्रकाने ‘अमुक डीएमईवर होल्ड करा’ म्हटलं आणि त्याच वेळी जीपीएस गेला, तर हातात काहीच राहत नाही. डीएमई म्हणजे विमानात बसवलेला डीएमईचा डबा, केएन ६४ सारखा. तो असेल तरच डी.

एफ. एडीएफ आहे, पण स्टिकर लावलाय. स्टिकर म्हणजे बंद. बंद म्हणजे एफ नाही.

जी. टॅबलेटचा जीपीएस कितीही छान नकाशा दाखवत असला तरी तो विमानाचं उपकरण नाही. क्लॅम्पवर बसलेली वस्तू मंजुरीसह बसवलेली नसते, तिचा अँटेना विमानाच्या छतावर नसतो, आणि उन्हात तापून टॅबलेट बंद पडतो हे मे महिन्यात कराडला उडणाऱ्या कुणाला सांगायला नको. जी म्हणजे पॅनेलमध्ये मंजूर पद्धतीने बसवलेला जीएनएसएस (उपग्रह दिशादर्शन, जीपीएस त्याचाच एक प्रकार) रिसीव्हर.

आर. परफॉर्मन्स बेस्ड नॅव्हिगेशनची मंजुरी. जी नाही तिथे आर कुठून येणार!

म्हणजे पाच अक्षरांच्या ओळीतून पहिल्या भागात खरा उरला तो फक्त एस. दुसऱ्या भागात सी बरोबर आहे का, ते बघू.

ट्रान्सपॉन्डरबाबत एवढं नीट समजा. मोड ए फक्त चार आकडी स्क्वॉक (नियंत्रकाने दिलेला ओळखीचा कोड) सांगतो, ० ते ७ या आकड्यांतून होणारे ४,०९६ कोड. उंची सांगायला मोड सी लागतो, आणि ती उंची ट्रान्सपॉन्डर स्वतः मोजत नाही. वेगळा एन्कोडर असतो, बहुतेकदा पॅनेलच्या मागे लपलेला छोटा डबा, स्टॅटिक लाइनला जोडलेला. तो १०१३.२ हेक्टोपास्कलवरची प्रेशर उंची १०० फुटांच्या पायऱ्यांत ट्रान्सपॉन्डरला देतो. त्यामुळे तुम्ही आल्टिमीटरवर क्यूएनएच (त्या ठिकाणचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब) काहीही लावा, एन्कोडरच्या उंचीत फरक पडत नाही. एन्कोडर गरम व्हायला काही मिनिटं घेतो. टॅक्सी करताना स्टँडबायवर ठेवून टेकऑफच्या वेळी उंची पाठवायला लावलं की बहुधा ठीक होतं. पण एन्कोडर बिघडलेला असेल, किंवा रडारवर उंची दिसत नाही किंवा चुकीची दिसते अशी तक्रार टेक लॉगमध्ये असेल, तर सी नाही, फक्त ए.

ही छोटी गोष्ट वाटते, पण इथेच माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो. नियंत्रक सी वाचतो आणि पडद्यावरच्या उंचीवर भरवसा ठेवून वरच्या किंवा खालच्या विमानाला मार्ग देतो. पुण्याचं नियंत्रण हवाई दलाकडे आहे, तिथे लढाऊ विमानंही उडतात. चुकीची उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर हा ट्रान्सपॉन्डर नसण्यापेक्षा जास्त धोक्याचा.

तर तुमच्या विमानाची खरी ओळ ‘एस / सी’. एवढीच. छोटी ओळ लाजिरवाणी नसते.

तुलनेला दुसरं विमान घेऊ. त्याच धावपट्टीवर जी१००० असलेलं सेस्ना १७२ उभं असेल तर काय? जी१००० मध्ये व्हीएचएफ, व्हीओआर, आयएलएस आणि जीपीएस एकाच डब्यात येतात. डीएमई आणि एडीएफ वेगळे मागवलेले असतील तरच असतात. म्हणजे पहिल्या भागात एस आणि जी. ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्या चालू केलेल्या असतील तर वाय जोडा. ते ओळखण्याची सोपी खूण अशी: जुना २५ किलोहर्ट्झचा रेडिओ ११८.००० ते १३६.९७५ मध्ये ७६० वाहिन्या देतो, ८.३३ वाला २,२८० देतो. नॉब फिरवून ११८.००५ येत असेल तर वाय आहे, ११८.००० वरून थेट ११८.०२५ वर उडी मारत असेल तर नाही. आपल्याकडच्या उड्डाणात वायचा फारसा उपयोग नाही, युरोपात तो नसेल तर अडतो.

दुसऱ्या भागात जी१००० सोबत मोड एस असतो. साधा मोड एस असेल तर एस, त्यात ओळख आणि उंची दोन्ही आली. एक्स्टेंडेड स्क्विटर म्हणजे एडीएस-बी पाठवणारा असेल तर ई, आणि सोबत बी१. दुसऱ्या विमानांची एडीएस-बी घेणाराही असेल तर बी१ ऐवजी बी२. मोठ्या विमानांत दिसणारा एल म्हणजे एक्स्टेंडेड स्क्विटर आणि एन्हान्स्ड सर्व्हेलन्स दोन्ही, फक्त एन्हान्स्ड असेल तर एच. मोड एसच्या या अक्षरांतून एकच निवडायचं असतं, दोन लावायची नाहीत. आणि मोड एस लिहिलात की ए आणि सी वेगळे लिहू नका. ते त्यात धरलेलेच आहेत.

मोड एसबरोबर आणखी एक चूक येते जी रकाना १० ची नाही पण त्याला चिकटलेली आहे. मोड एस विमानाचं नाव पाठवतो. ते नाव रकाना ७ मध्ये लिहिलेल्याशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. नोंदणी व्हीटी, मग आडवी रेघ, मग तीन अक्षरं अशी विमानाच्या शेपटीवर असते. पण रकाना ७ मध्ये आणि ट्रान्सपॉन्डरमध्ये रेघ नको, जागा नको. ट्रान्सपॉन्डर बदलल्यावर जुन्या विमानाचं नाव तसंच राहून जातं, मग रडारच्या पडद्यावर प्लॅन एका नावाचा आणि विमान दुसऱ्या नावाचं. तसंच २४ बिटांचा पत्ता. भारताला दिलेला गट षोडशमान पद्धतीत ८००००० पासून ८३ एफएफएफएफ पर्यंत आहे. रकाना १८ मध्ये ‘कोड’ म्हणून हा पत्ता लिहिताना तो ८ ने सुरू होत नसेल किंवा दुसरा आकडा ० ते ३ सोडून असेल, तर भारतीय विमानाचा तो नाही, कुणीतरी जुन्या देशातला पत्ता तसाच ठेवलाय असं समजून इंजिनिअरला गाठा.

आता आर आणि पीबीएन. तुमची गाडी इथेच अडली होती, आणि पुढे मल्टी-इंजिन आणि आयआरला (इन्स्ट्रुमेंट रेटिंगला) गेल्यावर पुन्हा अडेल, म्हणून जरा थांबून बघू.

आर लिहिला की रकाना १८ मध्ये पीबीएन हा शब्द, तिरकी रेघ, आणि त्यापुढे दोन-दोन चिन्हांचे गट. जास्तीत जास्त आठ गट, म्हणजे सोळा चिन्हं. गटातलं अक्षर कोणती अचूकता ते सांगतं आणि आकडा ती कोणत्या सेन्सरने साधली ते. ए१ म्हणजे आरनॅव्ह १० (आकडा म्हणजे सागरी मैलांतली अचूकता), समुद्रावरची. बी म्हणजे आरनॅव्ह ५, सी म्हणजे आरनॅव्ह २, डी म्हणजे आरनॅव्ह १. एल१ म्हणजे आरएनपी ४ (आरएनपीत अचूकतेवर विमान स्वतः लक्षही ठेवतं), ओ म्हणजे आरएनपी १. एस१ म्हणजे आरएनपी अप्रोच, एस२ म्हणजे त्याच्यासोबत बॅरो-व्हीनॅव्ह (हवेच्या दाबावरून उतरण्याचा उतार धरणं). टी१ आणि टी२ हे मंजुरी लागणाऱ्या एआर अप्रोचचे, पहिल्यात वळणाचे आरएफ टप्पे, दुसऱ्यात नाहीत.

बी, सी, डी आणि ओच्या पुढचा आकडा १ असेल तर ‘परवानगी असलेले सगळे सेन्सर’. २ असेल तर जीएनएसएस, ३ असेल तर डीएमई-डीएमई. पुढे बीमध्ये ४ म्हणजे व्हीओआर-डीएमई आणि ५ म्हणजे इनर्शियल (विमानाच्या हालचालीवरून जागा काढणारं यंत्र), तर सी, डी, ओमध्ये ४ म्हणजे डीएमई-डीएमईला इनर्शियलची जोड.

चूक कुठे होते ते बघा. फ्लाइंग स्कूलमध्ये कुणीतरी एअरलाइनच्या एअरबसचा प्लॅन बघतं, त्यात ‘पीबीएन / ए१-बी१-सी१-डी१-एल१-ओ१-एस२’ असतं, आणि तो नमुना म्हणून फाइलला लागतो. तोच दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर चिकटवला जातो, ज्यात फक्त एक पॅनेलवरचा जीपीएस आहे. बी१ लिहिला म्हणजे जीपीएस, डीएमई-डीएमई, व्हीओआर-डीएमई आणि इनर्शियल सगळं आहे असा दावा झाला. मग रकाना १० मध्ये जी, डी आणि आय हवेत. आय नाही म्हणून काटेकोर प्रणाली प्लॅन परत पाठवते. आणि समजा आयही कुणी घुसवला तर प्लॅन स्वीकारला जाईल आणि विमानात नसलेलं इनर्शियल कागदावर उडेल. त्या विमानाला शोभेल असा गट म्हणजे बी२, सी२, डी२, ओ२, एस१, तेही मंजुरीचा कागद हातात असेल तर. एस२ साठी बॅरो-व्हीनॅव्ह लागतं, ते छोट्या विमानात सहसा नसतं. ए१ आणि एल१ समुद्र ओलांडणाऱ्यांसाठी.

जोड्या लक्षात ठेवण्याची युक्ती सांगतो. पीबीएनमधला प्रत्येक गट बोट ठेवून वाचा आणि स्वतःला विचारा, हे कशाने? उत्तर जीपीएस असेल तर रकाना १० मध्ये जी आहे का बघा, डीएमई असेल तर डी, व्हीओआर असेल तर ओ किंवा एस, इनर्शियल असेल तर आय. एकही उत्तर रिकामं राहिलं तर गट काढा.

जीपीएसचा डेटाबेसही इथे येतो. तो २८ दिवसांच्या चक्राने बदलतो. चक्र संपलं आणि नवं भरलं नाही, तर पडदा उघडताना पहिल्याच पानावर तारीख ओलांडल्याचं दिसतं. अशा डेटाबेसवर आरएनपी अप्रोचचा दावा करू नका, मग एस१ काढा. व्हीएफआर उड्डाणात जी राहू शकतो.

उपग्रहांची जोड, म्हणजे आपलं गगन, हा वेगळा मुद्दा. गगन इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभं केलं. रकाना १० मध्ये त्याच्या आधारावर एलपीव्ही (उताराचंही मार्गदर्शन देणारा) अप्रोच करता येत असेल तर बी. आयएफआर (उपकरणांवर उडण्याच्या नियमांखालच्या) प्लॅनमध्ये जीसोबत रकाना १८ मध्ये ‘नॅव्ह / एसबीएएस’ असं लिहायचं, एसबीएएस म्हणजे गगनसारखी उपग्रहांची जोड. जीपीएस रिसीव्हर एसबीएएस घेतो म्हणून लगेच बी लिहू नये. विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलमध्ये एलपीव्हीची मंजुरी आहे का आणि तुम्हाला ते शिकवलंय का, तिन्ही अटींचा चष्मा इथेही लावा.

झेड म्हणजे ‘आणखी काही आहे’. झेड लिहिलात की रकाना १८ मध्ये कॉम (दळणवळण), नॅव्ह (दिशादर्शन) किंवा डॅट (डेटा) यांपैकी काहीतरी लिहायलाच हवं. उदाहरणार्थ आरएनपी २ ला पीबीएनच्या गटांत जागाच नाही, मग झेड आणि ‘नॅव्ह / आरएनपी२’. एन म्हणजे काहीच नाही किंवा जे आहे ते बंद, तो एकटाच लिहायचा, त्याच्या शेजारी दुसरं अक्षर बसत नाही.

उरलेली बरीच अक्षरं साताऱ्याच्या आकाशात फार उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणाऱ्यांची आहेत. डब्ल्यू म्हणजे आरव्हीएसएम, फ्लाइट लेव्हल २९० ते ४१० मध्ये १,००० फुटांच्या अंतराने उडण्याची मंजुरी. ती नसेल तर अपवाद वगळता त्या पट्ट्यात जागा नाही, आणि सरकारी विमानासारखा अपवाद असेल तर डब्ल्यू न लिहिता रकाना १८ मध्ये ‘एसटीएस / नॉनआरव्हीएसएम’ (एसटीएस म्हणजे विशेष वागणूक मागणारी नोंद). एच म्हणजे एचएफ, अरबी समुद्रावर व्हीएचएफच्या पल्ल्याबाहेर बोलायला. जे५ म्हणजे इनमारसॅट उपग्रहावरून मजकुराने बोलणं, जे७ इरिडियमवरून. एम१, एम३ उपग्रहावरून आवाजाने. पी२ (मजकुराच्या संपर्काचा ठरलेला दर्जा) असेल तर सहसा ‘एसयूआर / आरएसपी१८०’ (सर्व्हेलन्सचा ठरलेला दर्जा) जोडीला येतं. दुसऱ्या भागातला डी१ म्हणजे एडीएस-सी, ठरल्याप्रमाणे नियंत्रण केंद्राला आपली जागा कळवणं. हे सगळं पाठ करायची तुम्हाला आज गरज नाही. दिसलं तर घाबरू नका, एवढंच.

एसटीएसचा विषय निघालाच आहे तर सांगली-साताऱ्यात नेहमी लागणारं बोलतो, कारण हेलिकॉप्टरवाले इथे चुकतात. महाबळेश्वर, पाचगणी, सांगली, मिरजेच्या हेलिपॅडला चार अक्षरी कोड नसतो. मग रकाना १३ (निघण्याचं ठिकाण) किंवा १६ (पोहोचण्याचं) मध्ये चार वेळा झेड, आणि रकाना १८ मध्ये डीईपी किंवा डीईएसटी लिहून जागेचे अक्षांश-रेखांश आणि नाव. सांगलीसाठी उदाहरणार्थ ‘१६५१एन०७४३५ई’. अक्षांशाला चार आकडे, रेखांशाला पाच, पुढचं शून्य गाळायचं नाही. ते गाळलं की प्रणाली नाकारते. ही सांगली शहराची ढोबळ जागा झाली, प्रत्यक्ष हेलिपॅडचे आकडे यजमानांकडून घ्या.

मंत्री बसलेत म्हणून ‘एसटीएस / हेड’ लिहू नका. हेड हे राष्ट्रप्रमुखाच्या दर्जाच्या उड्डाणासाठी आहे. ‘स्टेट’ हे लष्कर, कस्टम्स आणि पोलीस यांच्या कामासाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली तशा प्रसंगी शोध आणि सुटकेच्या उड्डाणाला ‘एसएआर’, मदतसामग्री नेणाऱ्याला ‘एचयूएम’. रुग्णाचा जीव टांगणीला असेल तर ‘मेडेव्हॅक’, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जाहीर केलेलं वैद्यकीय उड्डाण असेल तर ‘हॉस्प’. हे शब्द नियंत्रकाला रांग मोडायला सांगतात, म्हणून खरं कारण असेल तेव्हाच वापरावेत. पूर आलेला असताना चुकीचा एसटीएस लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या सुटकेच्या हेलिकॉप्टरला मागे ढकलणं आहे.

परत तुमच्या प्लॅनकडे. उड्डाणाच्या दिवशी क्रम असा ठेवा. आधी टेक लॉग उघडा, उघडे स्नॅग (न सुटलेले बिघाड) आणि पुढे ढकललेली कामं वाचा. मग कॉकपिटमध्ये बसून पॅनेलवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवा, स्टिकर बघा. मास्टर आणि अ‍ॅव्हिऑनिक्स चालू करून रेडिओ, व्हीओआरचा झेंडा, ट्रान्सपॉन्डरचा दिवा बघा. मगच पेन उचला. रकाना ८ मध्ये व्हीएफआरचा व्ही आणि जनरल एव्हिएशनचा जी. रकाना ९ मध्ये सी१७२ आणि ७,००० किलोपर्यंतचं म्हणून एल, म्हणजे हलकं. रकाना १० मध्ये एस / सी. सकाळी दहाला निघायचं तर रकाना १३ मध्ये ०४३०, कारण वेळ यूटीसीमध्ये, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. वेग १०० नॉट, कोल्हापूर दक्षिणेकडे सुमारे ३८ सागरी मैल, वाऱ्याशिवाय २३ मिनिटं होतात, लिहायला ००२५ ठीक. मार्ग ००० ते १७९ अंशांत पडतो म्हणून उंची विषम हजार अधिक ५००, ५,५०० फूट, आणि ती शेकडो फुटांत लिहायची, ए०५५.

प्लॅन दिल्यावर काही बिघडलं तर? समजा तो स्वीकारला गेला आणि इंजिन सुरू केल्यावर दिसलं की ट्रान्सपॉन्डर उंची पाठवत नाही. ब्रीफिंगला कळवून बदल पाठवायचा, त्याला सीएचजी म्हणतात. यात एक सापळा आहे. सीएचजीमध्ये जो रकाना बदलता तो पूर्णच्या पूर्ण नव्याने लिहायचा असतो. रकाना १० बदलताना फक्त ‘सीच्या जागी ए’ असं सांगून भागत नाही, ‘एस / ए’ पूर्ण लिहायचं. रकाना १८ बदलत असाल तर त्यातली प्रत्येक गोष्ट पुन्हा लिहा, नोंदणी, हेलिपॅडचे अक्षांश-रेखांश, एडीसी क्रमांक, सगळं. जे लिहिलं नाही ते पुसलं जातं. पीबीएन बदलायला जाऊन निघण्याची जागाच पुसली गेली, असं होऊ शकतं.

आणि कोल्हापूरहून परतीचा प्लॅन वेगळा आहे. सकाळच्या ओळीची नक्कल करू नका. वाटेत ट्रान्सपॉन्डरने त्रास दिला असेल, किंवा एका रेडिओच्या ग्लाइडस्लोपच्या सुईवर झेंडा अडकलेला दिसला असेल, तर परतीच्या प्लॅनमध्ये ते उमटलं पाहिजे. ग्लाइडस्लोप गेला तर एस मोडतो आणि ‘ओ-व्ही / सी’ होतं. सी गेला असेल तर ‘एस / ए’, आणि रेडिओवर पहिल्याच संपर्कात उंची तोंडी सांगायची.